इकडची टीम विरुद्ध तिकडची टीम नको

पत्र

नमस्कार मॅडम,

माझं वय २८. नागपुरात महाल भागाजवळ मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आमची वस्ती आणि मागची वस्ती यांच्या मधे एक मोकळं मैदान आहे. लहानपणापासून दोन्हीकडची पोरं तिथं टेनिस बॉलनं खेळत आलो. १७ मार्च २०२५ च्या दंगलीच्या रात्रीपासून सगळं तुटलं. संचारबंदी उठली, दुकानं उघडली, पण मैदान काही जुळलं नाही. आता सकाळी ते खेळतात, संध्याकाळी आम्ही. त्या रात्री माझ्या मेहुण्याची गाडी जळाली. मागच्या वस्तीत माझा एक मित्र आहे. आठ वर्षं तो बॉलिंग टाकायचा आणि मी कीपिंग करायचो. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. रस्त्यात दिसला तर दोघंही मोबाईलमध्ये बघतो.

मी 'सद्भावना चषक' भरवायचं म्हणतोय. त्यांची टीम आणि आमची टीम, तीन मॅचची सीरिज, मोठा चषक. रोख बक्षीस द्यायला एक माजी नगरसेवक तयार आहेत. वडील म्हणतात, 'आगीत तेल ओतू नको.' पोरं म्हणतात, 'खेळानंच सगळं जुळते.' खरं सांगायचं तर माझाही राग गेलेला नाही. काय करू?

एक कीपर, नागपूर

उत्तर

प्रिय कीपर,

तुझ्या वडिलांचं ऐक. आणि चषकही भरव. दोन्ही जमेल, फक्त 'त्यांची टीम आणि आमची टीम' ही ओळ तुला खोडावी लागेल. माझं बहुतेक म्हणणं या एका ओळीबद्दलच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी ३१ वर्षं पीटीची मॅडम होते. नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी शाळेच्या दोन बाजूंच्या वस्त्यांमध्ये कशावरून तरी दगडफेक झाली. आठवडाभर वर्ग निम्मे रिकामे. मला वाटलं, पोरांना मातीत उतरवलं की विसरतील. कबड्डीचा सामना ठेवला, या वस्तीची मुलं विरुद्ध त्या वस्तीची. मुलं आली, त्यांचे मोठे भाऊ आले, भावांचे मित्र आले. पहिला डाव बरा गेला. दुसऱ्या डावात एका चढाईत पाय रेषेला लागला की नाही यावरून वाद झाला. एरवी असला वाद दोन मिनिटांत मिटतो. त्या दिवशी तो रेषेचा वाद उरलाच नाही. नववीतल्या एका मुलाचा खांदा निखळला. दवाखान्यातून त्याला घरी सोडायला गेले तेव्हा त्याची आई म्हणाली, 'मॅडम, पोरं वेगवेगळी तर होतीच. तुम्ही त्यांना समोरासमोर उभं केलं.' मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही.

तिचं म्हणणं किती खरं होतं, हे फार पुढे वाचायला मिळालं. मॅट लो नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशात एक प्रयोग केला. वेगवेगळ्या जातींचे १२६१ तरुण निवडले आणि त्यांतल्या अनेकांना महिनाभराच्या क्रिकेट लीगमध्ये खेळवलं. कोण कोणाच्या टीममध्ये जाणार ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. काहींना मिश्र टीम मिळाली, काहींना फक्त आपल्याच जातीची. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. जे दुसऱ्या जातीच्या मुलांबरोबर एका टीममध्ये खेळले, त्यांची त्या जातींत मैत्री वाढली, आपल्याच जातवाल्याला झुकतं माप देणं कमी झालं. पण दुसऱ्या जातीची मुलं ज्यांना प्रतिस्पर्धी म्हणूनच भेटली, त्यांचं येणंजाणं उलट घटलं. खेळ तोच, बॅट-बॉल तेच, गावंही तीच. फरक एवढाच, की तो शेजारी उभा होता की समोर.

त्यामुळे तुझी पोरं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. खेळ जुळवतो तसा तोडतोही. मुंबईत हे कितीतरी वर्षं चाललं. १९१२ पासून तिथं चौरंगी क्रिकेट स्पर्धा व्हायची, हिंदूंची टीम, मुसलमानांची टीम, पारशांची, युरोपियनांची. १९३७ पासून ती पंचरंगी झाली. मैदान तुडुंब भरायचं, खेळ उत्तम व्हायचा. पण १९४० साली गांधीजींनीच सांगितलं, की धर्मावर टीम पाडून खेळणं बंद व्हावं. शेवटी १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली. याच स्पर्धेत हिंदूंच्या टीमकडून खेळणारा बाळू पालवणकर हा दलित घरातला डावखुरा बॉलर. पुण्यात खेळताना त्याच्या बॉलिंगवर मॅच जिंकायच्या आणि चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या कपात चहा द्यायचे. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये त्याच हिंदू टीमचा कॅप्टन झाला. चेंडूनं जे केलं ते कपापर्यंत पोचायला एक पिढी लागली, तीही भांडून. म्हणून मॅचनंतर कोण कुठं बसून काय खातो-पितो हेही स्पर्धेत धर. त्यावर पुढे येते.

आता तुझा चषक. तू जुन्या नागपुरात वाढलास, तर तुला 'ऑक्शन' माहीत असेल. गल्लीतल्या लीगमध्ये आजकाल टेबल मांडून, पॉइंट देऊन खेळाडू विकत घेतात. ती पद्धत तुझ्या कामाची आहे, पण बोलीऐवजी चिठ्ठ्या टाक, कारण बोली लागली की कमी भावाचं पोरगं दुखावतं. दोन्ही वस्त्यांतल्या पोरांची नावं दोन डब्यांत टाक. प्रत्येक टीमला दोन्ही डब्यांतून सारखीच नावं. चिठ्ठ्या लहान पोरांच्या हातानं, सगळ्यांसमोर काढ. 'काहून भाऊ, त्याले आमच्यात कायले टाकता?' असं विचारणारे निघतील. माझ्याकडेही निघाले होते. त्यांना सांगायचं, चिठ्ठीत निघाला म्हणून. यात कुणालाच वाकावं लागत नाही, सगळं डब्यानं ठरवलेलं असतं.

टीमची नावं मात्र जपून ठेव. राजे, बादशहा, संत, वाघ-सिंह काहीही नको, त्यातून कोणीतरी कोणाचा तरी होतो. तलावांची नावं दे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, नाईक तलाव, लेंडी तलाव. सहा टीम झाल्या.

एक नियम माझ्या मते सगळ्यात मोलाचा. ओपनिंगची जोडी मिश्र असलीच पाहिजे. विकेट पडली की पुढचा बॅट्समनही असा पाठवायचा, की शक्य तितका वेळ खेळपट्टीवर दोन्ही वस्त्यांचा एकेक जण असेल. तू कीपर आहेस, विकेटमागून रनआउट बघत आला आहेस. धाव कशी निघते? चेंडू मागे गेला की स्ट्रायकरला दिसत नाही. पलीकडचा ओरडतो, 'हो!' आणि हा मागे न बघता पळतो. त्या 'हो'वर भरवसा नसेल तर दोघंही अर्ध्यात अडकतात. ज्या पोराशी महिनोनमहिने बोलणं नाही, त्याच्या हाकेवर डोळे मिटून पळणं ही छोटी गोष्ट नाही रे. आणि ती भाषणानं होत नाही. पहिल्या मॅचला रनआउट खूप होतील. होऊ दे. तिसऱ्या मॅचला मोज.

आता एक वेगळी गोष्ट सांगते, माझ्या खेळातली, रस्सीखेचीची. १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २२ मुलांचा उन्हाळी कॅम्प घेतला. सगळी साधारण ११ वर्षांची, एकमेकांना न ओळखणारी. त्यांचे दोन गट केले आणि बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा लावल्या. काही दिवसांतच शिव्या, एकमेकांचे झेंडे जाळणं, रात्री दुसऱ्यांच्या खोल्यांवर धाडी. मुळात या मुलांत जातधर्माचं काही भांडण नव्हतं, भांडण गटानंच तयार केलं. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. उपयोग झाला नाही, जेवतानाही एकमेकांवर अन्न फेकलं. बदल कधी सुरू झाला? कॅम्पचं पाणी बंद पडलं आणि दोन्ही गटांना मिळून पाइपलाइन शोधत जावं लागलं तेव्हा. नंतर जेवण आणणारा ट्रक बंद पडला. तो ओढायला मुलांनी रस्सीखेचीचीच रस्सी घेतली. आणि सगळे एका बाजूला उभे राहिले. एका दिवसात जादू झाली नाही, अशी कामं एकामागून एक करावी लागली, मग कुठं गट सैल झाले.

हे वाचल्यापासून मला वाटतं, की पहिल्या रविवारी बॅट बाहेर काढूच नये. तुमच्या मैदानाची अवस्था मला माहीत नाही, पण अशा मैदानात खड्डे, काचा आणि कुणीतरी टाकलेलं मलब्याचं ढिगारं असतंच. फावडी, घमेली, सब्बल घेऊन दोन्हीकडच्या पोरांनी पिच तयार करायची. रोलर कुठून तरी मागून आणायचा. रोलर एकट्यानं ओढता येत नाही, त्यामुळे फार काही समजवावं लागत नाही. ज्या पोरानं पिचवर दोन तास घाम गाळला, तो तिथं दगड येऊ देताना दहादा विचार करतो. आणि मैदान सकाळी त्यांचं, संध्याकाळी आमचं ही वाटणी आपोआप विरते.

तुमच्या भागात हे नवीन नाही. मोमिनपुऱ्यातले मोमिन आणि गोळीबार चौकाकडचे कोष्टी-हलबा, दोघंही विणकर. एका भागात मागाचा खडखडाट थांबला की दुसऱ्या भागालाही कळायचं, सूत महागलं. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून किती घरांची भाकरी एकाच भोंग्यावर चालली. ते माग गेले, गिरणी गेली, एकत्र घाम गाळायची जागा गेली. तुझ्या पिढीच्या वाट्याला उरलं ते हे मैदान. म्हणून मला तुझ्या पत्रातली सकाळ-संध्याकाळची वाटणी मेहुण्याच्या गाडीइतकीच लागली.

एका दिवसाचा चषक नको. तीन मॅचची सीरिजही नको. आठ रविवार सलग खेळा. भिवंडीत १९८४ ला मोठी दंगल झाली होती. तिथं नंतर सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. गडबड नसतानाही दोन्हीकडची साधी माणसं नियमित भेटायची, नळाच्या, गटाराच्या, भाड्याच्या तक्रारींवर बोलायची. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. शांततेच्या काळातल्या त्या कंटाळवाण्या बैठकाच तेव्हा कामाला आल्या. तुमचे आठ रविवार म्हणजे तशाच बैठका समज.

आता तुझ्या वडिलांची भीती. ती खेळाडूंची नसणार, गर्दीची असणार. माझ्या सामन्यातही मुलं नाही, मोठे भाऊ भिडले होते. म्हणून मॅच सकाळी साडेसहाला. तसंही आपल्याकडे फेब्रुवारी संपला की ऊन दहानंतर उभं राहू देत नाही, तेव्हा दिवाळीनंतरचे महिने पकड. सकाळी साडेसहाला घोषणा द्यायला फारसं कोणी येत नाही. डीजे नाही, झेंडे नाहीत, लाउडस्पीकर नाही. ज्या आठवड्यात कुणाचीही मोठी मिरवणूक आहे तो रविवार सुट्टीचा, रमजानच्या महिन्यातही स्पर्धा नको. पोलीस ठाण्यात आधी जाऊन लेखी कळव, आणि तिथं तुम्ही दोन्ही वस्त्यांचे दोघं मिळून जा. अंपायरही दोघं, दोन्हीकडचे एकेक, वयानं मोठे, निर्णय दोघांनी विचारून द्यायचा. कुणी धर्मावरून किंवा जातीवरून शिवी दिली तर त्याची सगळी टीम त्या दिवशी बाद. त्याला त्याच्याच टीममधले गप्प करतील, आणि त्या टीममध्ये दोन्हीकडची पोरं असतील. मॅचचा व्हिडिओ एकाच पोरानं काढायचा. वादाची दहा सेकंदांची क्लिप ग्रुपवर फिरली की पुढची एक तास चाललेली मॅच कुणाला दिसत नाही, हे मार्चमध्ये सगळ्या शहरानं पाहिलं.

माजी नगरसेवकांचं रोख बक्षीस नम्रपणे नाकार. त्यांचा हेतू चांगला असेल. पण रोख रक्कम आली की जिंकणं महाग होतं, आणि बॅनरवर एक फोटो लागला की दुसरा फोटो कुठाय हा प्रश्न येतो. द्यायचंच असेल तर मैदानाला पाण्याचा नळ द्या म्हणावं. खर्च दोन्ही वस्त्यांतून वर्गणी काढून, घरटी थोडाथोडा. आणि मॅचनंतर तर्री पोहे. एकाच गंजातून, एकाच ओळीत उभं राहून. एक आठवडा त्यांच्या घरांतून, एक आठवडा तुमच्या घरांतून. म्हणजे आयाही यात येतील. पोरांनी मैदानावर जे जुळवलं ते घरात टिकेल की नाही, हे आयाच ठरवतात. पाण्याचा माठ एकच ठेव. बाळू पालवणकरचा कप लक्षात असू दे.

मुलींचं तू काही लिहिलं नाहीस. कदाचित सुचलंच नसेल. कोलंबियात मेडेयीन शहरात टोळ्यांच्या भांडणात पोरं मरत होती. आंद्रेस एस्कोबार या फुटबॉलपटूचा १९९४ मध्ये तिथं खून झाला. त्यानंतर तिथं टोळ्यांतल्या पोरांसाठी रस्त्यावरचं फुटबॉल सुरू केलं, त्यात नियम असा, की प्रत्येक टीममध्ये मुली असतील आणि पहिला गोल मुलीनंच करायचा. रेफरी नाही. मॅचआधी दोन्ही टीम बसून नियम ठरवायचे आणि मॅचनंतर बसून कोण प्रामाणिक खेळलं त्याचे गुण द्यायचे. ही पद्धत पुढे जगभर गेली. आपल्या नागपुरात तर वस्तीतल्या पोरांना फुटबॉलनं बांधण्याचं काम विजय बारसे सरांनी २००१ पासून केलंय, त्यांच्या स्लम सॉकरला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. म्हणजे हे लांबून आणायची गरज नाही, शिकायचं तर गावातच शिकता येईल. तुमच्या आठ रविवारांतले निदान दोन मुलींचे ठेव. क्रिकेट नको असेल तर लंगडी, खो-खो. खो-खोत 'खो' कोणाच्या पाठीवर बसतो ते बघत नाहीत, पुढे धावतात.

एवढं सगळं करून काय मिळेल, तेही खरं खरं सांगते, कारण नंतर तू खचायला नको. इराकमध्ये आयसिसच्या काळात घरं सोडून पळालेल्या ख्रिश्चन तरुणांसाठी सल्मा मूसा या संशोधिकेनं फुटबॉल लीग घेतली. काही टीममध्ये मुसलमान खेळाडू घातले, काहींमध्ये नाही. तो अभ्यास २०२० मध्ये आला. मिश्र टीममधली पोरं सहा महिन्यांनंतरही मुसलमान खेळाडूंबरोबर सराव करायला जास्त तयार होती, त्यांना बक्षिसासाठी मतंही देत होती. पण मोसुलमधल्या अनोळखी मुसलमानांच्या हॉटेलात जाऊन जेवायला? तिथं फारसा फरक दिसला नाही. ओळखीच्या माणसाबद्दलचं मन बदललं, अनोळखी गर्दीबद्दलचं नाही. तुमच्या चषकानं नागपूर बदलणार नाही. तुमच्या दोन वस्त्यांतल्या साठ-सत्तर पोरांना एकमेकांची नावं, घरं, चिडायची सवय आणि हसायची सवय माहीत होईल. पुढच्या वेळी कुणी रात्री फोन करून म्हणेल, 'तिकडून येताहेत,' तेव्हा तुमच्यातला एखादा तरी तिकडच्या कुणाला तरी फोन लावून विचारेल, खरं काय आहे. मला तेवढं पुरेसं वाटतं.

आणि खेळ न्यायाच्या जागी बसत नाही. मेहुण्याच्या गाडीची भरपाई, गुन्हे, कोर्टाच्या तारखा, हे सगळं आपल्या रस्त्यानं चालू दे. कुणी म्हणेल, 'आता खेळलात ना, मग सोडून द्या.' ते ऐकायचं नाही. त्या वस्तीतही कुणाचं तरी काहीतरी गेलंय, त्यांनाही ते सोडायला सांगायचं नाही.

तुझ्या रागाबद्दल. तो गेल्यावर खेळ, असं मी म्हणणार नाही, कारण मग तू कधीच खेळणार नाहीस. राग घेऊनच ये. मेहुण्याची गाडी जाळणारे हात कुणाचे होते हे तुला माहीत नाही. तुझ्या बॉलर मित्राचे होते का? असते तर तू पत्रात लिहिलं असतंस. तू लिहिलंस ते एवढंच, की दोघंही मोबाईलमध्ये बघतो. दोघंही. म्हणजे त्यालाही तुझ्याकडे बघायला जड जातंय.

वर जे सगळं लिहिलं त्यातलं एकही काम तू एकटा करू शकणार नाहीस. चिठ्ठ्यांचे दोन डबे आहेत, अंपायर दोन, पोलीस ठाण्यात जायचं ते दोघांनी, पोहे दोन्ही घरांचे. एका वस्तीनं भरवला तर तो 'त्यांचा कार्यक्रम' होतो आणि मागच्या वस्तीतून कोणी येत नाही. म्हणजे चषकाचा दुसरा आयोजक तोच. आठ वर्षं त्याच्या हातातून चेंडू सुटायच्या आधी तो कुठं पडणार ते तुला कळत होतं, दुसरा माणूस शोधायला नको.

त्याला घरी बोलावू नको, त्याच्या घरीही जाऊ नको, सुरुवातीला दोन्ही जड जाईल. मार्चबद्दल तू काही काढू नको. तो काढेल तर ऐकून घे. सकाळी त्यांची खेळायची वेळ आहे, तेव्हा मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहा आणि ओव्हर संपली की विचार, 'पिचवर खड्डे पडलेत, रविवारी रोलर बघायला येशील का?'

नाही म्हणाला तर मला परत लिही. पुढच्या रविवारी काय विचारायचं ते बघू.